बोटापासून सुरापर्यंत

राजापेठ ही अमरावती शहरातील एक गजबजलेली वस्ती. दिवसभर तेथे वाहनांचा आणि बाजारहाटाचा गलबला चालू असतो. परंतु दिवेलागण झाली, की एखाद्या देवळाच्या सभामंडपात सतरंजी अंथरली जाते, टाळ आणि खंजिरी बाहेर निघतात, आणि खांबाजवळ लाकडी पेटी येऊन बसते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा (१९०९–१९६८) जन्म याच जिल्ह्यातील यावली गावी झाला. तेव्हा भजनाचा नाद येथील माणसांना नवा नाही.

अशाच एका भजनात एकदा मोठी पंचाईत झाली. भजन ऐन रंगात आले होते. पेटी वाजविणाऱ्या आजोबांनी एका पट्टीवरून बोट उचलले. पण सूर काही थांबेना! बोटे दुसरीकडे धावत होती, आणि तो एक हट्टी सूर मात्र मागे रडणाऱ्या मुलासारखा एकसारखा वाजत होता. गाणारे गोंधळले. टाळ थबकले. शेवटी आजोबांनी भात्यावरचा हात काढला, तेव्हा कोठे तो सूर हळूहळू विरून गेला.

जवळ बसलेला बारा वर्षांचा त्यांचा नातू आश्चर्याने म्हणाला, “आजोबा, पट्टी तर वर आली आहे. मग सूर कोण वाजवीत होते?”

आजोबा हसले. “उद्या सकाळी पेटी दुरुस्तीला न्यायची आहे. बरोबर चल, म्हणजे डोळ्यांनीच पाहशील.”

दुसऱ्या दिवशी कारागिराने पेटीचे झाकण काढले, स्क्रू सैल केले आणि ती हट्टी पट्टी अलगद उचलून बाजूला ठेवली. तिच्या मागच्या टोकाला खालून मऊ चामड्याचा तुकडा चिकटविलेला होता. त्या चामड्याखाली टाळाच्या गोंड्याचा एक बारीक धागा अडकला होता. कारागिराने तो चिमट्याने काढून मुलाच्या तळहातावर ठेवला.

“सूर वाजविणारे कोणी नव्हते, बाळा,” तो म्हणाला. “दार नीट मिटत नव्हते, एवढेच.”

एवढ्याशा धाग्याने पन्नास माणसांचे भजन थांबविले! मुलाला ते मोठे नवल वाटले. मग कारागिराने त्याला पेटीचे सारे अंतरंग दाखविले.

पेटी म्हणजे मुख्यतः वाऱ्याचे घर. तिच्या मागच्या बाजूला असलेला भाता डाव्या हाताने हलविला, की बाहेरची हवा आत येते. हवेला आत जाण्याची वाट आहे. परंतु आल्या वाटेने परतण्याची मुभा नाही, कारण भोकांवर चामड्याच्या किंवा जाड कापडाच्या एकाच बाजूला उघडणाऱ्या झडपा असतात. ही हवा थेट सुरांकडे गेली असती, तर हाताच्या प्रत्येक हिसक्याबरोबर सूर हेलकावला असता. म्हणून पेटीच्या पोटात दुसरा भाता असतो. त्याला पोलादी स्प्रिंगा सतत दाबून धरतात. बाहेरचा भाता हवा देतो धसमुसळेपणाने. आतला भाता ती साठवितो आणि सारख्या दाबाने पुढे सोडतो. हाताचा श्वास तुटक असतो. पेटीचा श्वास अखंड असतो. याचे श्रेय या आतल्या, न दिसणाऱ्या भात्याला आहे.

त्याच्या वर सुरांची फळी असते. ‘सूर’ म्हणजे पितळेची एक छोटी पट्टी. तिच्यात लांबट खाच असते आणि त्या खाचेवर पितळेचीच एक पातळ जीभ एका टोकाला पक्की केलेली असते. खाचेतून हवा घुसली, की जीभ थरथरू लागते आणि नाद उमटतो. लांब जीभ सावकाश थरथरते, म्हणून तिचा सूर खर्जाचा. आखूड जीभ भरभर थरथरते, म्हणून तिचा सूर उंच. जिभेचे मोकळे टोक किंचित घासले, की ते हलके होऊन सूर चढतो. मुळाशी घासले, तर जीभ लवचीक होऊन सूर उतरतो. कानसाचा एक फटका जास्त पडला, तर केलेले काम बिघडते. म्हणून सूर लावणाऱ्या कारागिराचा हात जितका हलका, तितकाच त्याचा कान तिखट असावा लागतो. गुजरातेतील पालिताना हे गाव अशा सुरांसाठी प्रसिद्ध आहे.

आता राहिले दार. बोटाखालची पट्टी ही लहान मुलांच्या चढउताराच्या फळीसारखी आहे. पुढचे टोक दाबले, की मागचे टोक उचलले जाते. त्याबरोबर चामड्याचे झाकण वर होते, भोक मोकळे होते, आणि हवा त्या सुरातून वाट काढते. बोट उचलले, की स्प्रिंग पट्टीला पूर्ववत बसविते आणि दार मिटते. बोटापासून सुरापर्यंतची ही वाट जेमतेम एक वीत लांब आहे. परंतु ती कोठेही अडता कामा नये. पावसाळ्यात लाकूड फुगते आणि पट्ट्या एकमेकींना घासतात. वऱ्हाडच्या कडक उन्हाळ्यात लाकूड सुकते आणि सांध्यांतून हवा गळू लागते. उंदराला चामडे आवडते, तर वाळवीला लाकूड. म्हणून जाणता कारागीर चांगले मुरलेले लाकूडच पेटीसाठी निवडतो.

“काका, याहून मोठी पेटी असते का?” मुलाने विचारले.

“असते तर! देवळाएवढी मोठी असते,” कारागीर म्हणाला.

ही थट्टा नव्हती. मुंबईच्या फोर्ट भागातील सेंट थॉमस कॅथीड्रल किंवा कुलाब्याचे होली नेम कॅथीड्रल अशा जुन्या चर्चांमध्ये जे नळ्यांचे भव्य वाद्य बसविण्यात आले, त्यास ऑर्गन म्हणतात. ते पेटीच्या कुळातले. किंबहुना त्या कुळातील सर्वांत थोर पुरुष होय. पेटीत पितळेच्या जिभा गातात, तर या ऑर्गनमध्ये लाकडाच्या आणि कथील-शिशाच्या मिश्रधातूच्या शेकडो नळ्या गातात. त्यांपैकी बहुतेक नळ्या म्हणजे उभे केलेले मोठे पावेच होत.

या वाद्याचा इतिहास फार जुना आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात इजिप्तमधील अलेक्झांड्रिया नगरीत तेसिबियस नावाचा एक कल्पक यंत्रकार होऊन गेला. नळ्यांना सारख्या दाबाची हवा कशी पुरवावी, हाच प्रश्न त्याच्यापुढे होता. त्याने पाण्याचा उपयोग केला. पाण्यात पालथ्या ठेवलेल्या भांड्यात हवा भरली, की बाजूचे पाणी आपल्या वजनाने त्या हवेला एकसारखे दाबून धरी. पुढे पाण्याची जागा वजन ठेवलेल्या मोठ्या भात्यांनी घेतली. साधन बदलले, परंतु विचार तोच राहिला: आधी श्वास स्थिर करावा, मग गावे.

असा ऑर्गन बांधणे हे घर बांधण्यासारखे काम आहे. कारागीर प्रथम ती इमारत पाहतो, तिच्यात आवाज कसा घुमतो ते ऐकतो, आणि मगच नळ्यांची मापे ठरवितो. दोन्ही टोकांना मोकळी अशी सुमारे २.४ मीटर लांबीची नळी सेकंदाला अंदाजे ६५ कंपने करते. तिच्या निम्म्या, म्हणजे १.२ मीटर लांबीच्या नळीतून दुप्पट कंपने, म्हणजे तोच स्वर एक सप्तक वर मिळतो. नळीचे वरचे तोंड बंद केले, तर तीच नळी जवळजवळ एक सप्तक खाली गाते. म्हणून जेथे जागा अपुरी असते, तेथे कारागीर बंद नळ्या बसवितो. प्रत्येक पट्टीला एक अशी नळ्यांची एक रांग. आणि एका रांगेचा आवाज बासरीसारखा, तर दुसरीचा कर्ण्यासारखा, अशा अनेक रांगा असतात. पट्ट्या ५६ आणि रांगा १० धरल्या, तरी ५६० नळ्या होतात! त्या प्रत्येक नळीचे तोंड कारागिराला हाताने कापून, फुंकून, ऐकून तयार करावे लागते.

या नळ्या ज्या पवनपेटीवर उभ्या असतात, तिच्यात दाबाखाली हवा भरलेली असते. प्रत्येक पट्टीसाठी आत एक लांबट झडप असते. झडपेवरच्या कप्प्यातून त्या पट्टीच्या सर्व रांगांतील नळ्यांना हवा मिळते. कोणत्या रांगा गाव्या आणि कोणत्या मुक्या राहाव्या, हे भोके पाडलेल्या सरकत्या लाकडी पट्ट्यांनी ठरते. वादकाने बाजूचा खटका ओढला, की सरकपट्टीची भोके नळ्यांच्या भोकांखाली येतात आणि ती रांग गाण्यास मोकळी होते.

परंतु खरी करामत पुढेच आहे. वादक बसतो खाली, आणि झडप असते त्याच्यापासून कित्येक हात दूर, कधी डोक्यावर, कधी बाजूला. बोटाचा दाब तेथवर न्यावयाचा कसा? जुन्या कारागिरांनी हे काम केवळ लाकडाच्या साध्या साधनांनी साधले. पट्टीच्या टोकापासून पातळ, लांब, हलक्या काड्या निघतात. त्या ओढल्या जातात. वाटेत तराजूच्या दांडीसारखे दांडे असतात. एक टोक खाली गेले, की दुसरे वर जाते आणि ओढीची दिशा बदलते. काही ठिकाणी आडवे रूळ असतात. रुळाच्या एका टोकाचा हात ओढला, की रूळ फिरतो आणि दुसऱ्या टोकाचा हात दूरच्या काडीला ओढतो. अशा रीतीने बोटाचा दाब वळणे घेत झडपेपर्यंत पोहोचतो. या रचनेत वीज नाही, चाक नाही, दातेही नाहीत. आहेत ते काड्या, दांडे, रूळ आणि अचूक मापे.

या रचनेचा एक मोठा गुण आहे. ऑर्गनची झडप पवनपेटीच्या आत असल्यामुळे हवेचा दाबच तिला मिटवून धरतो. वादक पट्टी दाबू लागतो, तेव्हा प्रथम बोटाला किंचित विरोध जाणवतो. मग झडप एकदम सुटते आणि पट्टी हलकी होते. अंधारात कडी निघाल्याची जाणीव हाताला व्हावी, तशीच ही जाणीव आहे. दूरच्या नळीत सूर केव्हा जन्मला, हे वादकाला कानाच्या आधी बोट सांगते. झडप हळू उघडावी की झटकन, सूर कसा सोडावा, हेही त्याच्याच हाती राहते.

पुढे ऑर्गन फार मोठे झाले. एका पट्टीने इतक्या झडपा ओढाव्या लागत, की वादकाची बोटे थकून जात. तेव्हा एकोणिसाव्या शतकात चार्ल्स बार्कर या इंग्रज कारागिराने हवेच्याच दाबाने झडपा ओढणारी युक्ती काढली. त्यानंतर विजेच्या तारा आल्या. काम सोपे झाले. पण बोट आणि झडप यांचा थेट संबंध तुटला. ऑर्गन कारखान्यांत भराभर तयार होऊ लागले. हे पाहून ज्यांना दुःख झाले, त्यांत डॉ. अल्बर्ट श्वाइट्झर हे एक होते. आफ्रिकेतील लांबारेने येथे रुग्णालय चालविणारे आणि १९५२ चे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळविणारे हे थोर पुरुष उत्तम ऑर्गनवादकही होते. जुने, कारागिरांच्या हातचे ऑर्गन मोडून टाकू नका, असा आग्रह त्यांनी १९०६ साली एका पुस्तिकेतून धरला. पुढे विसाव्या शतकात अनेक कारागीर पुन्हा काड्यांच्या आणि दांड्यांच्या ऑर्गनकडे वळले. जुने ते सारेच चांगले, म्हणून नव्हे. तर जुन्या रचनेत असलेला एक गुण नव्या रचनेला देता आला नव्हता, म्हणून.

नळ्यांचे हे वाद्य उचलून नेण्याजोगे नव्हे. लहान घरांना आणि लहान मंदिरांना परवडेल असे वाद्य हवे होते. चीनमध्ये ‘शेंग’ नावाच्या प्राचीन वाद्यात मोकळी थरथरणारी जीभ पूर्वीपासून होती. तेच तत्त्व घेऊन युरोपात नवी वाद्ये झाली, आणि १८४२ साली पॅरिसच्या अलेक्झांडर देबें यांनी आपल्या वाद्याला ‘हार्मोनियम’ हे नाव दिले. ते पायाने भाता हलवून, खुर्चीवर बसून वाजवावे लागे. भारतात गाणारा आणि वाजविणारा दोघेही जमिनीवर मांडी घालून बसतात. म्हणून कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भाता मागे आणून हातपेटी घडविली. ती भजनात, कीर्तनात, शाळेत आणि तमाशातही शिरली. पायाने वाजविण्याचे मोठे ऑर्गन मराठी रंगभूमीवर स्थिरावले. त्यात नळ्या नव्हत्या, जिभाच होत्या. परंतु त्याचा भरदार आवाज बालगंधर्वांच्या नाटकांची ओळख होऊन बसला. १९११ च्या ‘मानापमान’ नाटकाला चाली देणारे गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांनी तर साथीच्या या वाद्याला स्वतंत्र वादनाचा मान मिळवून दिला. मराठीने त्याला ‘संवादिनी’ असे गोड नावही दिले.

तथापि पेटीत एक उणेपणही आहे, आणि तो मान्य केला पाहिजे. सारंगीवर बोट घसरत नेले, तर एका स्वरातून दुसऱ्यात अखंड जाता येते. पेटीवर तसे जाता येत नाही. शिवाय कोणत्याही पट्टीला षड्ज मानता यावे, म्हणून तिच्या सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. षड्जाची कंपने २४० धरली, तर शुद्ध गांधार ३०० कंपनांचा हवा. पेटी देते सुमारे ३०२.४. पंचम ३६० चा हवा. तो मात्र सुमारे ३५९.६, म्हणजे जवळजवळ अचूक असतो. तंबोऱ्याबरोबर गाणाऱ्याच्या तिखट कानाला गांधारातील हा फरक खुपतो. अशाच आक्षेपांमुळे १९४० साली रेडिओवर पेटीला बंदी झाली. ती पुढे १९७१ च्या सुमारास सैल झाली.

यावर दोन मार्ग होते: पेटी टाकून द्यावी किंवा ती सुधारावी. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी दुसरा मार्ग धरला. त्यांनी गणिताने बावीस श्रुतींचा अभ्यास करून १९१० साली पुस्तक प्रसिद्ध केले. अर्नेस्ट क्लेमेंट्स या इंग्रज न्यायाधीशाने त्यांच्या कामात रस घेतला, आणि विलायतेहून श्रुतींची पेटी बनवून आणविली. त्या पेटीविषयी वाद झाले. ती सर्वत्र रुळली नाही. पण प्रयत्न तेथे संपला नाही. अलीकडच्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनीही बावीस श्रुतींची संवादिनी तयार केली आहे. वाद्यावर खरे प्रेम करणारा मनुष्य त्याचा दोष झाकीत नाही. दोष मापतो, आणि तो दूर करण्यासाठी झटतो.

हे सारे ऐकता ऐकता दुपार झाली. कारागिराने पट्टी पुन्हा जागेवर बसविली, स्क्रू घट्ट केले आणि भाता हलविला. सूर उमटला, बोट उचलताच तो मिटला. मग त्याने मुलाचे बोट धरून त्याच पट्टीवर ठेवले. “सावकाश दाब. घाई करू नको.”

मुलाने पट्टी हळूहळू दाबली. स्प्रिंगेचा बारीकसा विरोध बोटाला जाणवला. प्रथम हवेची नुसती कुजबुज आली, आणि मग त्या कुजबुजीतून सूर उगवला.

“दार उघडले,” मुलगा हलक्या आवाजात म्हणाला.

त्या संध्याकाळी राजापेठेतील देवळात पुन्हा सतरंजी अंथरली गेली. भजन सुरू होण्यापूर्वी मुलाने उठून टाळांचे गोंडे नीट बांधले, पेटीवरचे फडके झटकले, आणि मगच तो आजोबांच्या शेजारी येऊन बसला.

अभ्यास

१. भजनात एकच सूर एकसारखा का वाजत राहिला? तो कारागिराने कसा दुरुस्त केला?

२. पेटीत दोन भाते कशासाठी असतात? आतला भाता नसता, तर काय झाले असते?

३. ऑर्गनमध्ये बोटाचा दाब दूरच्या झडपेपर्यंत कसा पोहोचतो, ते क्रमाने लिहा.

४. विजेच्या तारांमुळे कोणती सोय झाली, आणि कोणता गुण गमावला?

५. ‘वाद्यावर खरे प्रेम करणारा मनुष्य त्याचा दोष झाकीत नाही.’ या वाक्याचा अर्थ देवल यांच्या उदाहरणाने स्पष्ट करा.

६. शेवटच्या परिच्छेदात मुलाने जे केले, त्यावरून तो काय शिकला असे तुम्हांस वाटते?

७. तुमच्या गावातील पेटी, तबला किंवा अन्य वाद्य दुरुस्त करणाऱ्या कारागिराचे काम पाहा आणि त्याचे दहा-बारा ओळींत वर्णन करा.